मुंबईचा फक्त ‘म’ का उरतो? डेटाबेसचा इंटरफेस निवडताना

गिरगावातल्या एका जुन्या वाचनालयात मी शनिवारी दुपारी जातो. पुस्तकांसाठी कमी, कॉम्प्युटरसाठी जास्त. तिथे दोन मशीन आहेत. एक कार्यालयातलं, विंडोजवर चालणारं. दुसरं लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड आणलेलं, त्यावर आम्ही उबुंटू टाकलं. सभासद, वर्गणी आणि पुस्तकांची देवघेव सांभाळायला आम्ही तिघांनी एक छोटं मुक्त सॉफ्टवेअर लिहायला घेतलं, पायथनमध्ये. पहिल्याच बैठकीत वाद पेटला: या प्रोग्रॅमने डेटाबेसशी बोलायचं कशातून? एक जण म्हणाला ओडीबीसी, ते सगळीकडे चालतं. दुसरी म्हणाली जेडीबीसी, जावा भाषेतला तसाच इंटरफेस, कॉलेजात तेच शिकवलं होतं. मी म्हणालो, थेट एसक्यूलाइट, एका फाईलीत मावणारा डेटाबेस. ग्रंथपाल मावशी चहा ओतत होत्या. म्हणाल्या, “काहीही घ्या रे, पण सोमवारी तुम्ही कुणी नसता, तेव्हा ते चालू झालं पाहिजे.”

या विषयावर मी बरंच वाचलं आहे, पण मावशींच्या या अटीइतकी नेमकी कसोटी मला कुठे भेटली नाही. सर्व्हरवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरला ती फारशी लागू नाही, कारण तिथे सगळं बसवून देणारा माणूस पगारावर असतो. डेस्कटॉप सॉफ्टवेअर मात्र अनोळखी माणसाच्या अनोळखी मशीनवर जाऊन पडतं. मुक्त सॉफ्टवेअर असेल तर कुणाच्या मशीनवर पडलं हेही आपल्याला कळत नाही.

आधी हा इंटरफेस, म्हणजे प्रोग्रॅमने डेटाबेसशी बोलायची ठरलेली पद्धत, काय असतो ते बघू. डेटाबेस हा एक स्वतंत्र प्रोग्रॅम किंवा लायब्ररी असते. (वाचनालयात बसून सॉफ्टवेअरच्या ‘लायब्ररी’बद्दल बोलायचं म्हणजे रोज एकदा गोंधळ ठरलेला.) पोस्टग्रेएसक्यूएलशी बोलायचं तर त्यांची लिबपीक्यू नावाची सी भाषेतली लायब्ररी आहे. मायएसक्यूएलची वेगळी, एसक्यूलाइटची आणखी वेगळी. तिघांना एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, कळतं, पण कनेक्शन कसं उघडायचं, प्रश्न कसा पाठवायचा, उत्तराच्या ओळी कशा उचलायच्या, चूक झाली तर ती कुठे वाचायची, हे प्रत्येकाचं निराळं. प्रोग्रॅम एकासाठी लिहिला की दुसऱ्यासाठी पुन्हा लिहा.

हा त्रास सगळ्यांनाच होता. म्हणून ऐंशीच्या दशकाच्या शेवटी डेटाबेस विकणाऱ्या कंपन्यांनी एसक्यूएल ॲक्सेस ग्रुप नावाचा गट काढला आणि फंक्शनांची एक समान यादी ठरवायला घेतली. त्याच कामाच्या आधारावर मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये ओडीबीसी बाजारात आणलं. १९९५ मध्ये त्या यादीला आयएसओच्या एसक्यूएल मानकात स्वतंत्र भाग म्हणून जागा मिळाली. म्हणजे ओडीबीसी मायक्रोसॉफ्टमुळे गावभर झालं असलं तरी त्याचं मूळ एका कंपनीचं नाही. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांना नाक न मुरडता ते वापरता आलं, त्याचं हे एक कारण.

ओडीबीसी कसं चालतं ते आपल्या सोसायटीच्या गेटवर उभं राहून बघा. तुम्ही येता आणि म्हणता, “जोशींकडे जायचंय.” विंग कुठली, मजला कितवा, तुम्हाला ठाऊक नाही. वॉचमन वही उघडतो, जोशी म्हणजे बी विंग, ४०२, आणि तुम्हाला तिकडे पाठवतो. ओडीबीसीत ‘जोशी’ म्हणजे डेटा सोर्सचं नाव, डीएसएन. त्या डेटाबेसची बोली जाणणारी लायब्ररी म्हणजे ड्रायव्हर, आणि वॉचमन म्हणजे ड्रायव्हर मॅनेजर. विंडोजवर तो आधीच नेमलेला असतो. लिनक्सवर बहुधा युनिक्सओडीबीसी असतो, नाहीतर आयओडीबीसी. आणि लिनक्सवर वॉचमनच्या दोन वह्या म्हणजे दोन साध्या मजकुराच्या फाईली. ओडीबीसीइन्स्ट डॉट आयएनआयमध्ये कुठला ड्रायव्हर डिस्कवर कुठे ठेवला आहे ते लिहिलेलं. ओडीबीसी डॉट आयएनआयमध्ये कुठल्या नावासाठी कुठला ड्रायव्हर, कुठला सर्व्हर, कुठला डेटाबेस ते.

प्रोग्रॅम फक्त वॉचमनशी बोलतो. उद्या जोशी दुसऱ्या विंगमध्ये राहायला गेले तर वहीतली नोंद बदलायची, पाहुण्याला काही सांगावं लागत नाही. कल्पना खरोखर सुंदर आहे, आणि तीस वर्षांहून जास्त काळ टिकली ती उगाच नाही. युनिक्सओडीबीसीसोबत आयएसक्यूएल नावाचं एक छोटं साधनही मिळतं. टर्मिनलमध्ये आयएसक्यूएल आणि पुढे डीएसएनचं नाव टाकलं की गेट उघडतं की नाही ते दहा सेकंदांत कळतं. आपल्या प्रोग्रॅमला शिव्या घालण्याआधी हे करून बघावं. मी करत नाही, मग पश्चात्ताप करतो.

आता अडचण. सोसायटीला दोन गेटं आहेत, दोन वॉचमन, आणि दोघांच्या वह्या वेगळ्या. एकाच्या वहीत लिहिलेलं दुसऱ्याला माहीत नसतं. ६४ बिटच्या विंडोजवर नेमकं हेच आहे: ३२ बिटच्या प्रोग्रॅमला ३२ बिटचे ड्रायव्हर दिसतात, ६४ बिटच्याला ६४ बिटचे. गंमत पुढेच आहे. या वह्या बघायच्या साधनाचं नाव ओडीबीसीएडी३२. ते सिस्टम३२ नावाच्या फोल्डरमध्ये असतं, आणि ते असतं ६४ बिटचं! ३२ बिटचं साधन सिसवॉव६४ या फोल्डरमध्ये, आणि त्याचंही नाव ओडीबीसीएडी३२च. जुन्या प्रोग्रॅमांना जुनी नावं सापडत राहावीत म्हणून हे असं ठेवलं आहे. कारण पटतं. पण पहिल्यांदा भेटणाऱ्या माणसाला आपणच वेडे झालो आहोत असं वाटतं.

वाचनालयात मी स्वतः याच खड्ड्यात पडलो. जुन्या सभासदांची यादी मायक्रोसॉफ्टच्या ॲक्सेस या डेटाबेसच्या एमडीबी फाईलमध्ये होती, कुणीतरी वीसेक वर्षांपूर्वी केलेली. मी ६४ बिटच्या पायथनमधून ती उघडायला गेलो तर एरर आला की असा ड्रायव्हरच नाही. समोर यादीत ड्रायव्हर दिसत होता. मी तो तीनदा काढून तीनदा घातला. संध्याकाळ गेली. एमडीबीचा जुना जेट ड्रायव्हर विंडोजसोबत येतो तो फक्त ३२ बिटचा. ६४ बिटचा हवा तर ॲक्सेसचं नवं इंजिन वेगळं आणून बसवावं लागतं, आणि मशीनवर ३२ बिटचं ऑफिस आधीच असेल तर दोघांचं जमवताना डोकं उठतं. शेवटी ३२ बिटचं पायथन बाजूला बसवलं आणि पाच मिनिटांत यादी बाहेर आली. मावशींनी हे सोमवारी एकट्याने केलं असतं का? प्रश्नच नाही.

लिनक्सवर दोन गेटांचा त्रास कमी, तिथे दुसरं एक प्रकरण आहे. हल्ली बरेच जण सॉफ्टवेअर फ्लॅटपॅक किंवा स्नॅपच्या बंद डब्यात घेतात. डब्यातल्या प्रोग्रॅमला बाहेरच्या सिस्टमवर बसवलेला ड्रायव्हर सहसा दिसत नाही. वही बाहेर, ड्रायव्हर बाहेर, पाहुणा आत. तुमचं सॉफ्टवेअर अशा डब्यातून वाटायचं असेल तर ओडीबीसीवर भिस्त ठेवण्याआधी हे करून बघा.

जेडीबीसीचं चित्र वेगळं. १९९७ मध्ये जेडीके १.१ बरोबर ते जावाचा भाग झालं. यात ड्रायव्हर म्हणजे एक जार फाईल, जावाचा कोड बांधून ठेवलेला गठ्ठा. शुद्ध जावात लिहिलेला ड्रायव्हर, ज्याला चौथ्या प्रकारचा म्हणतात, तो नेटवर्कवरून थेट सर्व्हरशी बोलतो. मधे सीची लायब्ररी नाही, वॉचमन नाही, आणि तीच जार विंडोजवर, मॅकवर, लिनक्सवर चालते. जार कुठे आहे ते सांगा आणि पत्त्याची एक ओळ द्या, झालं. सुरुवातीला जावातून ओडीबीसीकडे जायचा एक पूलही सोबत मिळायचा. तो २०१४ च्या जावा ८ मध्ये काढून टाकला, तोवर बहुतेक डेटाबेसांचे स्वतःचे जावा ड्रायव्हर आले होते.

तुमचा प्रोग्रॅम जावात असेल तर पुढचं वाचायचं कारण नाही, जेडीबीसी घ्या. प्रश्न येतो तो प्रोग्रॅम सी++ किंवा पायथनमध्ये असताना. मग एका डेटाबेससाठी आख्खी जावा मशीनवर बसवून ठेवायची, आणि तीही योग्य बिटची.

हा हिशेब ओपनऑफिस या मुक्त ऑफिस संचाने चांगलाच भोगला. ऑक्टोबर २००५ मध्ये आवृत्ती २.० आली, तिच्यात बेस नावाचा डेटाबेसचा भाग होता, आणि आत बसवलेला डेटाबेस होता जावात लिहिलेला एचएसक्यूएलडीबी. त्या काळी जावा बनवणाऱ्या सन कंपनीची जावा मुक्त नव्हती. एका मुक्त ऑफिस संचाचा एक खांब बंद सॉफ्टवेअरवर उभा, यावरून लोक खूप भांडले. नोव्हेंबर २००६ मध्ये सनने जावा जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुली करायला सुरुवात केली आणि तत्त्वाचं भांडण निवलं. गैरसोयीचं राहिलं. आजही ओपनऑफिसमधूनच पुढे फुटलेल्या लिब्रेऑफिसमध्ये जुनी बेसची फाईल उघडली आणि मशीनवर जावा नसेल तर प्रोग्रॅम जावा मागतो, आणि शाळेतल्या शिक्षकांपासून पतपेढीच्या कारकुनापर्यंत सगळे विचारतात, “हे जावा काय असतं?” त्यातून सुटायला जानेवारी २०१४ च्या लिब्रेऑफिस ४.२ मध्ये सी++मधला फायरबर्ड डेटाबेस प्रयोग म्हणून आत आणला. मूळ निवड करायला एक बैठक पुरली असेल. ती उलटवायला वर्षांमागून वर्षं लागतात, कारण लोकांच्या फाईली त्याच रूपात साठलेल्या असतात.

पण त्याच ओपनऑफिसने एक गोष्ट फार शहाणपणाने केली, आणि माझ्या मते या विषयात शिकण्यासारखं सगळ्यात जास्त तिथेच आहे. त्यांनी ‘ओडीबीसी की जेडीबीसी’ या प्रश्नाला उत्तरच दिलं नाही. एसडीबीसी नावाचा स्वतःचा इंटरफेस केला, बराचसा जेडीबीसीच्या वळणावर, आणि फॉर्म, रिपोर्ट, मेल मर्ज सगळं त्याच्याशी बोलेल असं ठरवलं. त्याच्याखाली मग जो हवा तो जोडा: ओडीबीसीकडे नेणारा एक ड्रायव्हर, जेडीबीसीकडे नेणारा एक, साध्या स्प्रेडशीटकडे नेणाराही एक. २०१२ च्या लिब्रेऑफिस ३.५ पासून पोस्टग्रेएसक्यूएलचा थेट ड्रायव्हर सोबतच येऊ लागला, आणि फॉर्म बनवणाऱ्या भागाला त्यासाठी वेगळं काही शिकावं लागलं नाही.

इतरांनीही असंच केलं आहे. क्यूटी या टूलकिटचं स्वतःचं एसक्यूएल मॉड्यूल आहे, खाली एसक्यूलाइट, पोस्टग्रे, मायएसक्यूएल, ओडीबीसी अशी प्लगइनं. लिनक्सच्या नोम डेस्कटॉपवाल्यांचं लिबजीडीए. पर्ल भाषेचं डीबीआय तर १९९४ पासूनचं. पायथनमध्ये पेप २४९ नावाचा एक करार आहे: डेटाबेसचं कुठलंही मॉड्यूल लिहा, पण कनेक्ट, कर्सर, एक्झिक्यूट, फेच या नावांनी लिहा. तुम्ही ज्या भाषेत किंवा टूलकिटमध्ये लिहीत आहात तिथे असा पातळ थर तयार मिळत असेल तर स्वतःचा लिहायची हौस करू नये. मी केली होती. आठशे ओळींनंतर लक्षात आलं की आपण डीबीआयचीच नक्कल करतोय, आणि तीही वाईट.

एक भ्रम मात्र सोडून द्या. इंटरफेस समान झाला म्हणून एसक्यूएल समान होत नाही. पहिल्या दहा ओळी मागायच्या तर पोस्टग्रे आणि मायएसक्यूएलला लिमिट लागतं, मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला टॉप. ओडीबीसीने यावर महिरपी कंसांची एक युक्ती काढली: तारीख, फंक्शन अशा भानगडीच्या गोष्टी कंसात लिहा, ड्रायव्हर त्याचं स्थानिक बोलीत भाषांतर करेल. चालतं, पण थोडंच. किंमत भरायच्या जागा दाखवायलासुद्धा कुणी प्रश्नचिन्ह वापरतो, कुणी डॉलरपुढे आकडा, कुणी टक्क्याचं चिन्ह आणि एस. पायथनच्या करारात तर पाच पद्धतींना परवानगी आहे, म्हणजे भांडण मिटवायच्या ऐवजी पाचही जणांना खुर्च्या दिल्या. तरी यातली कुठलीतरी एक पद्धत वापराच. सभासदाने टाइप केलेलं नाव थेट एसक्यूएलच्या वाक्यात चिकटवलं की एखादं अवतरण चिन्ह आख्खा टेबल पुसायला पुरतं.

आता आपल्या भाषेचा मुद्दा. इंग्रजीतल्या लेखांत तो एका ओळीत उरकतात. आपल्याला परवडणार नाही.

‘मुंबई’ हा शब्द घ्या. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना आकडे देणारं मानक, त्याच्या हिशेबाने यात पाच चिन्हं: म, उकार, अनुस्वार, ब, ई. हे आकडे साठवायच्या पद्धती तीन. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे झाले १५. यूटीएफ-१६ मध्ये दोन-दोन, म्हणजे १०. यूटीएफ-३२ मध्ये चार-चार, म्हणजे २०. शब्द तोच, तीन रूपं. आता ओडीबीसीत रुंद अक्षरांसाठी एसक्यूएलडब्ल्यूकॅर नावाचा एक प्रकार आहे. युनिक्सओडीबीसी तो दोन बाइटचा धरतं. लिनक्स आणि मॅकवर आयओडीबीसी तो परंपरेने चार बाइटचा धरत आलं आहे. एकासाठी बांधलेला ड्रायव्हर दुसऱ्याखाली लावला तर काय होईल?

चार बाइटचा ‘म’ असा साठतो: आधी ‘म’चे दोन बाइट, मग दोन शून्यं. दोन-दोन बाइट वाचणाऱ्याला आधी ‘म’ मिळतो आणि लगेच शून्य. सीच्या जगात शून्य म्हणजे मजकूर संपला. म्हणून पडद्यावर ‘मुंबई’च्या जागी फक्त ‘म’. उलट बाजूने दोन बाइटचं चार म्हणून वाचलं तर म आणि उकार मिळून एक असा आकडा होतो जो युनिकोडमध्ये कुठेच नाही. मग दिसतात चौकटी. हाच प्रकार इंग्रजी नावांनाही होतो, पण इंग्रजी मजकूर बऱ्याचदा एक बाइटच्या जुन्या फंक्शनांमधून निभावून जातो. म्हणून परदेशातल्या चाचणीत सगळं हिरवं आणि आपल्याकडे सभासदाचं आडनाव एका अक्षराचं. ड्रायव्हर निवडला की पहिली चाचणी देवनागरीची घ्या, आणि जोडाक्षरांची घ्या. ‘महाराष्ट्र’ चांगला आहे: दहा चिन्हं, तीस बाइट. रकान्याची लांबी बाइटमध्ये मोजणारा डेटाबेस असेल आणि तुम्ही वीस ठेवली असेल तर ‘महाराष्ट्र’ तिथे मावणार नाही.

अनुक्रमाचंही असंच. एसक्यूलाइट मुळात बाइटांच्या क्रमाने लावतो, म्हणजे युनिकोडच्या क्रमाने. त्या क्रमात ‘ळ’ येतो ‘ल’नंतर लगेच, ‘व’च्या आधी. आपल्या मुळाक्षरांत तो ‘ह’नंतर. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ आपण शेवटी ठेवतो, युनिकोडला ते क आणि ज यांचीच पोरं वाटतात. मावशींनी छापलेली लेखकसूची हातात घेतली आणि पहिलं वाक्य बोलल्या ते, “ज्ञानेश्वर इथे कुठे आले?” इथे थेट ड्रायव्हरचा फायदा झाला. एसक्यूलाइटला स्वतःचा क्रम शिकवता येतो, पायथनमधून एक फंक्शन लिहून द्यायचं, बस. ओडीबीसीच्या खिडकीतून असं फंक्शन आत ढकलायची सोय नाही. जे सगळ्यांत समान तेवढंच त्या खिडकीतून जातं.

आणि एक गोष्ट कुठलाही इंटरफेस दुरुस्त करणार नाही. ती जुनी ॲक्सेसची यादी शेवटी उघडली तेव्हा आत मराठी नव्हतंच. युनिकोडच्या आधीच्या फाँटांत टाइप केलेली नावं होती: साठवलेली इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, वर देवनागरीचा मुखवटा. ड्रायव्हरने इमानदारीने ती कचऱ्यासारखी दिसणारी अक्षरं आणून दिली. त्याची काही चूक नाही. ती बदलायला वेगळा कन्व्हर्टर लागला, आणि नंतर एका मुलीने दोन शनिवार बसून ऱ्हस्व-दीर्घ तपासले.

परवान्यांबद्दल थोडं, कारण मुक्त सॉफ्टवेअरमध्ये हा कागदी प्रश्न नसतो. मायएसक्यूएलची जोडणीची लायब्ररी आधी एलजीपीएल या जीपीएलच्या सैल भावाखाली होती, आवृत्ती ४.० पासून ती जीपीएलखाली गेली. म्हणजे तिला जोडून वाटलेल्या प्रोग्रॅमलाही जीपीएलच्या अटी लागू होणार. पीएचपी या वेबच्या भाषेचा परवाना वेगळा होता, त्यांची पंचाईत झाली आणि २००४ मध्ये मायएसक्यूएलला मुक्त सॉफ्टवेअरसाठी सवलत जाहीर करावी लागली. मारियाडीबीची सीमधली लायब्ररी एलजीपीएल आहे, मायएसक्यूएल जातीच्या सर्व्हरशी बोलायला बरेच मुक्त प्रकल्प तीच घेतात. लिबपीक्यूचा परवाना बीएसडी या सैल परवान्याच्या वळणाचा, कुणालाच आडवा येत नाही. एसक्यूलाइट तर सार्वजनिक मालकीचा, त्याला परवानाच नाही. २००० मध्ये रिचर्ड हिप यांनी तो आणला तेव्हा जीपीएलखाली होता, २००१ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून असा आहे. ओडीबीसीचा इथे एक झाकलेला गुण दिसतो. एखाद्या कंपनीला तिच्या बंद डेटाबेसला जोडायचं असेल तर बंद ड्रायव्हर तिने आणावा आणि वॉचमनच्या वहीत लिहावा. आपल्या पॅकेजमध्ये बंद कोडचा एक बाइटही जात नाही.

वेगाबद्दल लोक जितकं भांडतात तितकं मला त्यात तथ्य दिसत नाही. एका मशीनवर बसलेल्या एका माणसाला वॉचमनने घेतलेला वेळ जाणवत नाही. जाणवतो तो हेलपाट्यांचा. समजा सर्व्हर दूर आहे आणि प्रत्येक फेरीला २० मिलिसेकंद लागतात. पाचशे सभासदांची यादी दाखवताना तुमचा प्रोग्रॅम एकेका सभासदासाठी वेगळा प्रश्न विचारत असेल तर झाले दहा सेकंद. एकाच प्रश्नात सगळे मागितले तर डोळ्याची पापणी लवायच्या आत. इथे इंटरफेस बदलून काही होणार नाही, प्रश्न विचारायची पद्धत बदला. लाखो ओळी उचलून विश्लेषण करायचं असेल तर गोष्ट वेगळी. त्यासाठी ॲपाची ॲरो प्रकल्पाने एडीबीसी नावाचा इंटरफेस काढला आहे, २०२३ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. तो ओळींऐवजी रकान्यांच्या गठ्ठ्यांनी डेटा आणतो. वाचनालयाला त्याची गरज नाही.

आम्ही शेवटी काय केलं? मूळ साठा एसक्यूलाइटमध्ये. घरातलं कपाट: गेट नाही, वॉचमन नाही, वही नाही. पायथनसोबतच येतं, बसवायला वेगळं काही नाही, आणि बॅकअप म्हणजे प्रोग्रॅम बंद करून एक फाईल पेन ड्राइव्हवर टाकायची. आमच्यातल्या एकाला ती फाईल दोन्ही मशीनना दिसणाऱ्या शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवायची होती. तिथे मी आडवा पडलो. नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये फाईल लॉक करण्याचं काम भरवशाचं नसतं, दोन मशीन एकाच वेळी लिहायला गेली तर फाईल खराब होऊ शकते, आणि एसक्यूलाइटवाले स्वतःच हे टाळायला सांगतात. म्हणून उबुंटूच्या मशीनवर पोस्टग्रे बसवलं आणि दुसऱ्या ड्रायव्हरची सोय केली. पेप २४९ च्या नावांनी लिहिलं असल्यामुळे बदल थोडा झाला: जागा भरायची चिन्हं, लेखकसूचीचा क्रम, आणि तारखांच्या दोन जागा.

ओडीबीसी ठेवलं ते फक्त आयातीच्या मेनूत, स्वतंत्र प्रोग्रॅम म्हणून. कुणाकडे जुनी ॲक्सेसची फाईल असेल तर ती उघडून सीएसव्ही करून द्यायची, एकदाच. ते नाही बसलं तरी बाकी वाचनालय चालू राहतं. लिनक्सवर तेवढ्यासाठी एमडीबी टूल्स पुरतं, त्यातल्या एका कमांडने टेबल थेट सीएसव्हीत येतं. जेडीबीसी सुचवणारीने तक्रार केली नाही, तिने लेखकसूचीचं ते ‘ळ’चं फंक्शन लिहिलं.

गेल्या सोमवारी दुपारी फोन वाजला, वाचनालयाचा नंबर. पोटात गोळा आला. मावशी म्हणाल्या, “अरे, चालू आहे सगळं. प्रिंटरचा कागद संपलाय, तो कुठे मिळेल?”